वॉरंटीचा कागद आणि आपला भिडस्तपणा

दसरा-पाडव्याला शोरूमच्या दारात गर्दी उसळते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, गाडीला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे फोटोत येतात, पेढे वाटले जातात. चार-सहा महिन्यांनी यांच्यापैकीच एखादा गृहस्थ त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला, सर्व्हिस सेंटरच्या बाकावर चौथ्यांदा बसलेला असतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

सीमाभागातल्या आपल्या मंडळींचे या बाबतीत एक वेगळेच दुखणे आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरची कितीतरी कुटुंबे गाडी घ्यायला कोल्हापूर, सांगली, पुण्याला जातात. तिथे भाचा असतो, व्याही असतात, बोलणे मराठीत होते, हवा तो रंग लवकर मिळतो. पासिंग मात्र केए-२२ चे. गाडी नीट चालली तर प्रश्नच नाही. बिघडली की टोलवाटोलवी सुरू होते. खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी फंडाच्या पैशातून गाडी घेतली. गिअरबॉक्समधून पहिल्या महिन्यापासून आवाज. इथले सर्व्हिस सेंटर म्हणे, जिथून घेतली तिथे दाखवा. तिथले म्हणत, तुमची गाडी कर्नाटकची, बेळगावातच दाखवा. अकरा महिन्यांत सात खेपा झाल्या. प्रत्येक वेळी उत्तर एकच: आवाज नॉर्मल आहे. शेवटी त्यांनी ती गाडी घाट्यात विकली. तक्रार का केली नाही, असे विचारले तेव्हा म्हणाले, ‘आपण इथे चार पिढ्या राहतो ते कुणाशी वाकडे न घेता. आता या वयात कोर्टाची पायरी कशाला?’

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याला तोंडपाठ आहे. ती आपल्यापेक्षा विक्रेत्यांच्या जास्त उपयोगी पडली, हे आता उघडपणे बोलायला हवे. इंदूर-ग्वाल्हेरला असो, बडोद्याला असो की हैदराबादला, जुन्या मराठी घरांचा स्वभाव हाच. व्यापारी शेजारी आहेत, उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जायचे आहे, परक्या मुलखात भांडण नको. या भिडस्तपणाने आपण पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदलो हे खरे. पण आठ-दहा लाखांची वस्तू सदोष निघाली तरी गप्प बसणे याला सुसंस्कृतपणा म्हणत नाहीत. त्यातून ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, त्या पुण्याशी नाते सांगणाऱ्या आपण तरी हे म्हणू नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात अजून १९८६ चाच कायदा आहे. त्यात तक्रार कुठे करायची, तर जिथे विक्रेता किंवा कंपनी धंदा करते तिथे, नाहीतर जिथे तक्रारीचे कारण घडले तिथे. म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या गाडीसाठी बेळगावच्या माणसाला एकेका तारखेला कोल्हापूर गाठावे लागण्याची पाळी येई, किंवा कारण बेळगावात घडले हे आधी सिद्ध करण्यात वर्ष जाई. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ३४ ने ही अडचण दूर केली. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी कोल्हापूरची असो, कंपनी चेन्नईची असो, बेळगावच्या रहिवाशाने बेळगावात दाद मागावी. बडोद्याच्या माणसाने मुंबईत गाडी घेतली, तर बडोद्यात. मराठी माणूस ज्या ज्या राज्यांत पांगला आहे, तिथे या एका कलमाइतका उपयोगी बदल गेल्या कित्येक वर्षांत झाला नसेल. आणि आपल्या सभासदांपैकी किती जणांना तो ठाऊक आहे? मी विचारून पाहिले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

खर्चाचीही भीती नको. वस्तूपोटी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये, १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये, २० ते ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडेच जातात, म्हणजे आपल्यासारख्यांच्या जवळजवळ सगळ्याच गाड्या तिथे बसल्या. वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही. तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्जही करता येतो. मुदत मात्र लक्षात ठेवावी: कारण घडल्यापासून दोन वर्षे. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ करता करता ही दोन वर्षे कशी सरतात ते कळत नाही, आणि काउंटरवरच्या लोकांना ते चांगले कळते.

एवढे सोपे असेल तर अडते कुठे? पुराव्यापाशी अडते.

कायद्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार जो दर्जा असायला हवा, त्यात कोणतीही उणीव म्हणजे दोष. आयोग दोष दूर करायला सांगू शकतो, गाडी बदलून द्यायला सांगू शकतो, किंमत परत आणि वर भरपाई असा हुकूम देऊ शकतो. पण गाडी बदलून किंवा पैसे परत हवे असतील तर नुसता बिघाड दाखवून भागत नाही, उत्पादनातलाच दोष आहे असे दाखवावे लागते आणि ते ओझे ग्राहकाच्या शिरावर येते. मारुतीच्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की वॉरंटीत कंपनीने सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे वचन दिलेले असते, अख्खी गाडी बदलण्याचे नव्हे. कंपन्यांचे वकील आजही हा निकाल पहिल्या पानावर ठेवतात. त्यामुळे क्लच तीनदा बदलला, चौथ्यांदाही बदलून देऊ, मग तुमचे नुकसान काय, असा युक्तिवाद होतो. माणसाचे दिवस जातात, नोकरीतल्या रजा जातात, बँकेचे हप्ते चालूच असतात, याचा हिशेब त्या युक्तिवादात नसतो.

तपासणीची सोयही कायद्यात आहे. नुसते पाहून दोष कळत नसेल तर आयोग तज्ज्ञाकडून किंवा प्रयोगशाळेकडून अहवाल मागवू शकतो. पण त्याची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. कंपनीकडे शंभर इंजिनिअर, आपल्याकडे कोपऱ्यावरचा फिटर! त्याचे निदान अचूक असले तरी त्याच्या चिठ्ठीला आयोगात वजन नसते.

या बाबतीत २०२२ चा एक निकाल मात्र मनाला उभारी देणारा आहे. ह्युंदाईची क्रेटा गाडी, घेतली २०१५ साली. नोव्हेंबर २०१७ मध्ये अपघात झाला, पुढचा भाग चेपला, पण हवेच्या पिशव्या उघडल्याच नाहीत आणि मालकाला डोक्याला, छातीला, दाताला मार बसला. कंपनीचे म्हणणे, धडकेचा जोर पिशव्या उघडण्याइतका नव्हता. दिल्लीच्या राज्य आयोगाने भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कायम केला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की वेग आणि बल यांची गणिते मांडणे हे ग्राहकाचे काम नव्हे. सुरक्षेच्या नावाखाली जी वस्तू विकली ती वेळेला चालली नाही, एवढे पुरेसे आहे. म्हणजे काही दोष स्वतःच बोलतात, त्यांना तज्ज्ञाची साक्ष लागत नाही.

आपल्या गोव्याच्या बांधवांसाठीही एक निकाल महत्त्वाचा आहे. तिथल्या एका ग्राहकाने पैसे मोजले २०११ च्या मॉडेलचे, आणि हाती आली २००९ साली तयार झालेली, आधीच सहाशेहून अधिक किलोमीटर पळालेली गाडी. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत तो जिंकला. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळे केले. डीलर हा स्वतंत्र धंदा करतो, त्याने केलेली फसवणूक कंपनीला ठाऊक होती असे तक्रारीत म्हटले नाही आणि सिद्धही झाले नाही, म्हणून जबाबदारी डीलरची. ग्राहकावर अन्याय झाला हे कुणी नाकारले नाही, पण जबाबदारी कोणाची हे तक्रारीत नीट मांडले पाहिजे हा धडा त्यात आहे. गाडीचे बनावटीतले दोष कंपनीच्या माथी, जुनी गाडी नवी म्हणून देणे, नोंदी लपवणे, दुरुस्तीत हयगय हे डीलरच्या माथी. दोघांनाही पक्षकार करावे आणि प्रत्येकाने काय केले ते वेगवेगळे लिहावे. नुसते ‘दोघे जबाबदार आहेत’ लिहून भागत नाही.

कंपनीच्या जबाबदारीबद्दल नव्या कायद्यात आणखी एक तरतूद आली आहे, तिचा उपयोग अजून फारसा होताना दिसत नाही. सदोष वस्तूमुळे इजा किंवा हानी झाली तर कलम ८४ प्रमाणे उत्पादक जबाबदार ठरतो, आणि वस्तू तिच्याबद्दल दिलेल्या हमीबरहुकूम नसेल तर हमी देताना आम्ही निष्काळजी नव्हतो असे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही.

शेतकरी आणि टेम्पोवाल्या सभासदांना एक सांगायचे राहिले. ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही’ असे त्यांना हमखास ऐकवले जाते. हे अर्धसत्य आहे. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने धंद्याची धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच उदाहरण देऊन सांगितले आहे की रिक्षा किंवा ट्रक घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे, आणि केवळ दुसऱ्याच्या हातून चालवण्यासाठी घेणारा ग्राहक नाही. तेव्हा स्वतःच्या शेतात स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्याने शोरूममधल्या पोराच्या सांगण्यावरून हक्क सोडू नये.

आता त्या लिंबाकडे येऊ. आपण दृष्ट लागू नये म्हणून गाडीला लिंबू-मिरची बांधतो. अमेरिकेत मुळातच खोड असलेल्या नव्या गाडीलाच ‘लिंबू’ म्हणतात, आणि तिच्यापासून ग्राहकाला वाचवणाऱ्या कायद्याला ‘लेमन लॉ’. कनेक्टिकट राज्याने तो १९८२ मध्ये प्रथम केला, मग इतर राज्यांनी उचलला. आपली मुले तिकडे आहेत, त्यांना विचारा. राज्याराज्यात फरक आहेत, पण साधारण नियम असा की ठरावीक काळात एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस गॅरेजात पडून राहिली, तर ती सदोष असल्याचे गृहीत धरायचे. मग गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा. तिथे ग्राहकाला गिअरबॉक्सचे शास्त्र सिद्ध करावे लागत नाही, खेपा मोजून दाखवाव्या लागतात. खेपा मोजणे कोणालाही जमते.

आपल्याकडे हा मोजमापाचा नियमच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गाड्या परत मागवण्याचे कलम आले, नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते चांगलेच आहे, पण ते सुरक्षेला धोका असलेल्या आणि अनेक गाड्यांत आढळलेल्या दोषांसाठी. एकट्यादुकट्याच्या गाडीत दर पावसाळ्यात शिरणारे पाणी त्यात बसत नाही. माझे स्पष्ट मत आहे की ग्राहक संरक्षण कायद्यात एक कलम वाढवले पाहिजे: वॉरंटीच्या काळात एकाच दोषासाठी चौथ्यांदा दुरुस्ती करावी लागली, किंवा गाडी एकूण ३० दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये राहिली, तर दोष उत्पादनातला आहे असे गृहीत धरावे, आणि तो तसा नाही हे दाखवण्याचा भार कंपनीवर टाकावा. कंपनीकडे प्रयोगशाळा आहे, इंजिनिअर आहेत, गाडीतल्या संगणकाच्या नोंदी आहेत. ज्याच्याकडे साधने त्याने सिद्ध करावे, यात अन्याय कसला? मोटार उद्योग बुडेल अशी ओरड होईल. अमेरिकेत हे कायदे होऊन चाळीस वर्षे उलटली, तिथे गाड्या विकायच्या कुणी थांबलेले नाही.

हा कायदा केंद्राचा आहे. तेव्हा लोकसभेसाठी मते मागायला आपल्या गल्लीत जे येतील, ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्यापुढे सीमाप्रश्नाच्या निवेदनाबरोबर हा कागदही ठेवायला हरकत नाही. यात मराठी-कन्नड असा वाद नाही. शेजारच्या कन्नड कुटुंबालाही तीच गाडी तोच त्रास देते.

तोवर मात्र आपल्या हातात एकच शस्त्र आहे, ते म्हणजे जॉब कार्ड. याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक प्रकरणे इथेच हरली जातात. आपण काउंटरवर सांगतो, ‘तिसऱ्या गिअरमध्ये चढाला गाडी ओढत नाही आणि खरखर येते.’ समोरचा टाइप करतो, ‘जनरल चेकअप’. आपण चष्मा न लावता सही करतो. संध्याकाळी गाडी घेताना ‘काम समाधानकारक’ यावरही सही देतो, कारण घरी जायची घाई असते. अशी सात जॉब कार्डे आयोगापुढे ठेवली तर त्यावरून इतकेच दिसते की एक हौशी गृहस्थ सात वेळा गाडी धुवायला आले आणि खूश होऊन गेले!

म्हणून तक्रार आपल्या शब्दांत, आपण सांगितली तशीच लिहून घ्यावी, आणि मागच्याच दोषासाठी पुन्हा आलो असेल तर ‘पुन्हा तोच दोष, तिसरी वेळ’ असे लिहायला लावावे. लिहीत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहावे. गाडी किती तारखेला, किती किलोमीटरवर आत गेली आणि कधी बाहेर आली, हे दोन्ही आकडे हवेत. प्रत मागावी, ‘सिस्टिममध्ये आहे’ यावर समाधान मानू नये. प्रत दिली नाही तर त्याच रात्री कंपनीच्या पत्त्यावर ई-मेल करावा: आज अमुक दोषासाठी गाडी दिली, प्रत मिळाली नाही. समाधानाच्या रकान्यात, समाधान झाले नसेल तर ‘चालवून पाहिल्यावर सांगेन’ असे लिहावे. आवाज येत असेल तर शेजारी बसलेल्याने वेगाच्या काट्यासकट मोबाइलवर चित्रण करावे. ‘गुडविल म्हणून फुकट करून देतो’ या गोड वाक्यापासून सावध राहावे. वॉरंटीतले काम हा आपला हक्क आहे, कुणाचा उपकार नव्हे, आणि कागदावर गुडविल लिहिले की दोष कबूल केला नाही असे म्हणायला कंपनी मोकळी राहते.

आपल्या बाजूनेही फट ठेवू नये. सर्व्हिसिंगची तारीख चुकवायची, चौकातल्या दुकानात वायर कापून दिवे आणि स्पीकर बसवायचे, आणि मग विजेच्या बिघाडासाठी वॉरंटी मागायची, हे चालणार नाही. हप्तेही थांबवू नयेत. बँकेचे कर्ज हा वेगळा करार आहे, हप्ता चुकला की गाडीचे भांडण बाजूला राहते आणि आपणच थकबाकीदार ठरतो.

उसाच्या पट्ट्यातल्या आपल्यासारख्यांनी एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. २०२५ सालापर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभरच्या पंपांवर आले. आधीच्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत मात्र दहा टक्क्यांपर्यंतच्याच मिश्रणाचा उल्लेख आहे. ऊस आपला, कारखाना आपला, दर मिळाला तर आनंदच आहे. पण उद्या इंधनाच्या नळ्या खराब झाल्या आणि कंपनीने ‘चुकीचे इंधन’ म्हणून वॉरंटी नाकारली, तर पंपावर दुसरे पेट्रोल मिळतच नव्हते हे कोणी ऐकून घ्यायचे? तुमच्या मॉडेलला हे पेट्रोल चालते का, हे कंपनीला आजच पत्राने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

कायद्याने सगळे झटपट होते, असे भासवून मी कोणाची दिशाभूल करणार नाही. तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आयोगांवरची पदे रिकामी राहतात, इतकी की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याची आपणहून दखल घ्यावी लागली. एका मर्सिडीज गाडीच्या तापण्याबद्दल राष्ट्रीय आयोगाचा निकाल २००७ साली लागला आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ साली. ती कंपनी विरुद्ध कंपनी अशी लढाई होती, त्यांना परवडली. आपल्याला सतरा वर्षे परवडणार नाहीत. मात्र एवढे आहे की जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे तर विरुद्ध पक्षाला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यामुळे व्यवस्थित कागद जोडलेली नोटीस स्पीड पोस्टाने गेली की कित्येक प्रकरणे आयोगापर्यंत न जाताच मिटतात. सरकारच्या १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली तर त्याचाही क्रमांक नोटिशीत घालता येतो.

मंडळाने काय करावे? दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोन तास ग्राहक कक्ष चालवावा. आपल्या सभासदांत निवृत्त आरटीओ निरीक्षक आहेत, पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवलेले आहेत, तरुण वकील आहेत. नोटीस आणि तक्रार इंग्रजीत आणि कन्नडमध्ये नीट लिहून देणारी दोन माणसे मिळाली तर आपल्या ज्येष्ठांची निम्मी भीती जाईल, कारण ती भीती कायद्याची कमी आणि भाषेची जास्त आहे. आलेल्या प्रत्येक प्रकरणाची नोंद एका वहीत ठेवावी. एकाच मॉडेलच्या चार गाड्यांत तोच दोष दिसला, तर चौघांनी मिळून बोलता येईल.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी दोन ठराव मांडणार आहे: एक ग्राहक कक्षाचा, दुसरा चार खेपांच्या नियमासाठी खासदारांना निवेदन देण्याचा. अनुमोदक हवे आहेत. ज्यांच्या घरी अशा गाडीची जॉब कार्डे पडून आहेत, त्यांनी त्यांच्या छायाप्रती सभेला येताना सोबत आणाव्यात, म्हणजे निवेदनाला जोडता येतील.